पेमेंटचा मेल आला की आधी फोन उचला

पूर्वी खोटा मेल वासावरून कळायचा. इंग्रजीची पार वाट लागलेली असायची, अकाउंट्समधली पोरंसुद्धा हसून डिलीट करायची. ती खूण आता गेली. चॅटजीपीटीसारखं टूल कुणालाही तुमच्या सप्लायरच्या थाटातला साफ मेल लिहून देतं. कंपनीत एआय आणावं का, यावर मालक महिनोन्‌महिने खल करतात. चोरांनी ते केव्हाच आणलंय.

मी छोट्या-मध्यम कारखान्यांचे मेल आणि कॉम्प्युटर सांभाळतो. आधी पैशाची वाट बंदोबस्तात आणा, एआयचं नंतर बघू, हे माझं सगळ्यांना सांगणं असतं.

पायरी १: खातं बदललं? फोन करा. एका क्लायंटकडे ऐन मार्चअखेरीला परदेशी सप्लायरचा मेल आला. जुन्याच मेलला उत्तर, खरी प्रोफॉर्मा (माल येण्याआधीचं कच्चं बिल), रक्कम बरोबर. फक्त बँक नवी. पत्त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवले होते. स्क्रीनवर नाक टेकवलं तरच दिसावं असं. अकाउंटंट मॅडम सावध होत्या, त्यांनी फोनही केला. पण मेलखाली दिलेल्या नंबरावर! तिकडे चोरच बसला होता. पहिला हप्ता गेला तो गेलाच.

म्हणून नंबर घ्यायचा तो जुन्या बिलावरचा किंवा आपल्या डायरीतला. देशातल्या देशात एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५पासून बँकांना करायला लावली आहे, ती वापरा. परदेशी पेमेंटला तिचा उपयोग नाही, तिथे फोनच.

पायरी २: दोन सह्या, आणि मालकालाही सूट नाही. एक जण पेमेंट भरेल, दुसरा सोडेल. 'मी मीटिंगमध्ये आहे, लगेच पाठव' असा मालकाचा निरोप आला तरी नियम तोच. २०२२ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटचे एक कोटीहून जास्त रुपये अदर पूनावालांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सॲप मेसेजवर गेले. २०२४मध्ये अरुप या इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँग ऑफिसातल्या कर्मचाऱ्याला मेलचा संशय आला होता. मग व्हिडिओ कॉलवर ओळखीचे साहेब दिसले आणि संशय फिटला. सगळे चेहरे बनावट निघाले. १५ व्यवहारांत सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. तेव्हा समोरून आलेला कॉल, मग तो व्हिडिओ का असेना, खातरजमा म्हणून धरू नका. तो कट करा आणि आपल्याकडच्या नंबरावर आपण उलट लावा. साहेबांना राग आला तर येऊ द्या. खरं तर मालकाने हे आपल्या तोंडाने सगळ्यांसमोर सांगायला हवं. नाहीतर 'साहेबांना कसं विचारायचं' यातच पैसे जातात.

पायरी ३: मेलबॉक्स तपासा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी, सगळ्यांना सक्तीचं. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचे नियम बघा; 'इनव्हॉइस' शब्द असलेला मेल परस्पर बाहेर जाईल असा नियम चोर गुपचूप लावून ठेवतात. डीमार्क म्हणजे आपल्या पत्त्याच्या नावाने कुणी खोटा मेल पाठवला तर तो ओळखायची सोय. मेल सांभाळणाऱ्याला विचारा, 'आपलं डीमार्क नुसतं पाहणीवर आहे की खोटे मेल अडवतं?' आपल्या नावाने जाणारे खोटे मेल त्याने अडतात. वरचा 'आर-एन'चा पत्ता मात्र नाही.

पायरी ४: आता एआय. सरसकट बंदी घातलीत तर लोक खिशातल्या मोबाइलवर वापरतील. २०२३मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला होता, तोही कोडमधली चूक दुरुस्त करायला. त्यापेक्षा कंपनीचं बिझनेस खातं घ्या, आपला डेटा एआयला शिकवायला (ट्रेनिंगला) जाणार नाही याची खात्री करा आणि एकच काम निवडा, समजा चौकशीच्या मेलला उत्तराचा मसुदा. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज, रेट, पगारपत्रक, आधार-पॅन आत टाकायचं नाही. मेल वाचणारं एआय जोडलंत तर पाठवायचं बटण माणसाकडेच ठेवा. आलेल्या मेलमध्ये दडवलेली सूचना ते हुकूम समजून पाळू शकतं.

पायरी ५: पैसे गेलेच तर. त्याच क्षणी बँकेला सांगा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. परदेशी पेमेंट असेल तर बँकेला रिकॉलचा, म्हणजे पैसे परत मागण्याचा, स्विफ्ट संदेश (बँका परदेशी बँकांना पाठवतात तो) पाठवायला लावा. मेल डिलीट करू नका. आणि बँक मॅनेजरचा नंबर आजच कागदावर लिहून अकाउंट्सच्या टेबलावर काचेखाली ठेवा. मेल हॅक झाला असेल त्या दिवशी त्यातली कॉन्टॅक्ट लिस्ट उघडेलच असं नाही.