कंपवाताच्या सुरुवातीच्या लक्षणांची नोंद कशी ठेवावी

हात थरथरू लागला की घरचे धास्तावतात. परंतु पुढील वाटचालीचा अंदाज केवळ थरथरीवरून बांधता येत नाही. स्वस्थ बसले असताना एकाच हाताला सुटणारा कंप, त्याच बाजूच्या हालचालींतील मंदपणा आणि लेव्होडोपा या कंपवातावरील मुख्य औषधाच्या गोळीने पडणारा ठळक फरक हे तिन्ही एकत्र आढळले, तर तो बहुधा पार्किन्सन्सचाच आजार, म्हणजे कंपवात, असतो आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर आजारांपेक्षा तो सहसा संथ गतीने वाढतो. म्हणून प्रत्येक लक्षण कोणत्या महिन्यात आणि कोणत्या बाजूला सुरू झाले, हे वहीत लिहावे.

त्याआधी रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी करावी. उलटी, पित्त किंवा चक्कर यांसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या मेटोक्लोप्रमाइड, लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन यांसारख्या गोळ्यांनीही अशीच लक्षणे उद्भवतात आणि औषध थांबवल्यावर ती बहुतेकदा काही महिन्यांत ओसरतात, त्यामुळे ही शक्यता नजरेतून सुटणे मला फार क्लेशदायक वाटते. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच बंद करावी.

सर्वाधिक लक्ष पडण्याकडे द्यावे. पार्किन्सन्समध्ये तोल सहसा काही वर्षांनी ढळू लागतो. पहिल्या वर्षातच रुग्ण वारंवार, विशेषतः मागच्या बाजूला पडत असेल आणि जिना उतरताना किंवा ताटाकडे पाहताना त्याची नजर खाली वळत नसेल, तर प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी हा अधिक वेगाने वाढणारा आजार असण्याची शंका येते. प्रत्येक वेळी तारीख, जागा आणि पडण्याची दिशा नोंदवावी.

रक्तदाब पाच मिनिटे आडवे पडून आणि नंतर उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजावा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे; काही औषधांनीही असे होते, पण सोबत लघवीवरील ताबा लवकर सुटला असेल, तर मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी या पार्किन्सन्ससारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजाराचा विचार करावा लागतो. समोर नसलेली माणसे दिसणे किंवा विसराळूपणा वाढणे हे हालचाली मंदावण्याच्या आधी सुरू झाले की नंतर, आणि त्यांत किती अंतर होते, हेही लिहावे, कारण लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या आजाराचे निदान या क्रमावर अवलंबून असते. झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे रुग्णाला ठाऊक नसते. ते जोडीदारालाच विचारावे.

यांपैकी एखादेच लक्षण दिसले म्हणून घाबरून निष्कर्ष काढू नये. पहिल्या काही वर्षांत निदान बदलू शकते, म्हणून दर भेटीला वहीसोबत रुग्ण चालताना आणि वळताना घेतलेली मोबाइलवरची चित्रफीतही मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावी.