पायाच्या अँजिओला आधी छातीकडे बघा

एमआरआयला नवीन लागलेल्यांसाठी लिहितोय. बिनाकॉन्ट्रास्टच्या पायाच्या अँजिओला आमच्याकडे येतात ते बहुतेक जुने डायबेटिसवाले, त्यातले बरेच डायलिसिसवर, चार पावलं चालले की पोटरी भरून येते, क्रिएटिनिन बघून सर सांगतात गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्टचं औषध) नको. जुन्या गॅडोलिनियमने किडनी गेलेल्यांना एनएसएफ नावाचा आजार होतो, कातडी लाकडासारखी कडक होते, हे 2006 च्या सुमारास कळलं आणि तेव्हापासून बिनाकॉन्ट्रास्टच्या सिक्वेन्सना (स्कॅन घ्यायच्या पद्धतींना) परत भाव आला.

मी पहिली माती खाल्ली ती टीओएफमध्ये, म्हणजे वाहतं रक्तच चमकवणाऱ्या सिक्वेन्समध्ये. मानेच्या अँजिओला सॅच्युरेशन बँड (ज्या पट्ट्यातून येणाऱ्या रक्ताचा सिग्नल दाबला जातो तो) वर टाकायची सवय, तोच हात इथेही चालला. पायात धमनीचं रक्त खाली येतं आणि शिरेचं वर जातं, म्हणजे शिरा दाबायला बँड पावलाच्या बाजूला हवा. माझ्या इमेजमध्ये धमन्या गायब, शिरा लखलखीत. सर म्हणाले, "पेशंट उलटा झोपवलास का रे?" आणि बँड बरोबर असला तरी ब्लॉकच्या खाली कोलॅटरलमधून (वळसा घालून जाणाऱ्या बारीक धमन्यांतून) रक्त उलटं वर चढत असेल तर बँड तेही खातो, मग ब्लॉक आहे त्यापेक्षा लांब दिसतो.

आता क्यूआयएसएस करतो, हाही बिनाकॉन्ट्रास्टचाच सिक्वेन्स. हृदयाच्या एका ठोक्याला एक स्लाइस, साधारण 3 मिमीची. आधी स्लाइसमधला सगळा सिग्नल दाबायचा, मग 230 मिलीसेकंदांच्या आसपास गप्प थांबायचं, तेवढ्यात ताजं रक्त आत घुसतं आणि तेच चमकतं. त्यामुळे सगळा खेळ ईसीजीचा! छातीवर केस असतील तर काढा, घाम नीट पुसा, ट्रेस बाहेर बघितलात तरी आत गेल्यावर परत बघा, कारण मॅग्नेटमध्ये टी वेव्ह फुगते आणि मशीन तिलाच आर वेव्ह (ठोक्याचं खरं टोक) समजून ट्रिगर मारतं, म्हणजे चुकीच्या वेळी स्लाइस घेतं. नाडी अनियमित असेल तर इमेजवर आडवे पट्टे येणार, ते आधीच सरांच्या कानावर घाला.

पाय सरळ ठेवला की या लोकांना जास्त दुखतं, रात्री पाय पलंगाखाली सोडून झोपणारी माणसं ही. एका काकांना तीनदा सांगितलं हलू नका, तर म्हणाले, "मी नाय हलवत बाबा, तोच हलतोय." तेव्हापासून मी पोटरी-पाऊल आधी उरकतो, कंबर शेवटी. आणि खुब्याचं ऑपरेशन झालंय का ते विचाराच, धातूच्या रॉड किंवा बॉलमुळे तिथे काळा खड्डा पडतो आणि तो अगदी ब्लॉकसारखा दिसतो.