सिकलसेलचा पेशंट ‘नाटकं करतो’ असं वाटतं तेव्हा आपल्याकडून होणाऱ्या चुका, या टाळा

डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यात, म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला डोंगर असलेल्या आपल्या कोकणच्या वरच्या टोकाला सरकारी दवाखान्यात ज्यांनी नाईट केलीय त्यांना सिकलसेलचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, हा पेशंट ओळखीचा आहे. रात्री दीड-दोनला बाईकवर दोघांच्या मध्ये बसवून आणतात, कंबर आणि पाय दुखतात म्हणतो, बीपी बरोबर, ताप नाही, एक्सरेत काही नाही, आणि केस पेपर उलटला की मागच्याच महिन्याची एंट्री. मग कुणीतरी बोलतंच, “आला परत, इंजेक्शनची सवय लागलीय याला.” मीही बोललेय हे. १७ वर्षं नर्सिंग करतेय आणि त्यातली निदान पहिली ७-८ तरी मी अशीच वागले, म्हणून हे लिहितेय, खास करून नवीन सिस्टर, ब्रदर, सीएचओ म्हणजे उपकेंद्रावरचे आरोग्य अधिकारी, आणि बॉन्डवर आलेल्या एमओंसाठी, म्हणजे डॉक्टरांसाठी.

दुखणं डोळ्यांनी मोजायची चूक

ही सगळ्यात मोठी. एक विशीतला मुलगा होता, गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा, भादव्यात मांड्या आणि पाठीच्या कळांनी अ‍ॅडमिट झाला. रात्री राउंडला गेले तर मोबाईलवर व्हिडिओ बघत पडलेला. मी नोटमध्ये लिहिलं, पेशंट कम्फर्टेबल. आईने दोनदा येऊन सांगितलं, सिस्टर त्याला कळा सहन होत नाहीत, मी म्हटलं डोस झालाय, थांबा जरा. पहाटे तो छातीत दुखतंय म्हणाला, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ८८ वर आलेलं, धावपळ करून १०८ बोलावली आणि मोठ्या हॉस्पिटलला पाठवला. वाचला तो, पण मी लिहिलेलं ते कम्फर्टेबल आजही डोळ्यासमोर येतं.

ज्याला लहानपणापासून हे दुखणं आहे तो दरवेळी ओरडत बसत नाही, मन दुसरीकडे लावायला शिकतो, मोबाईल बघतो, कुणाशी बोलतो, नाहीतर भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहतो. नाडी आणि बीपी बरोबर असूनही दुखणं भयंकर असू शकतं. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होऊन बारीक नळ्यांत अडकतात, पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही, त्याची ती कळ असते, आणि ती किती आहे हे सांगणारी कुठलीच रक्ततपासणी नाही. पेशंट सांगतो तोच रिपोर्ट. म्हणून शून्य ते दहा विचारा, तो जो आकडा देईल तोच लिहा, आपल्या मनाने कमी करू नका.

एसओएस लिहायचं आणि मग मागतो म्हणून नाव ठेवायचं

याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण पेशंट ‘सवयीचा’ ठरतो तो इथेच. ऑर्डरमध्ये एसओएस, म्हणजे दुखलं तर द्या, असं असतं. म्हणजे त्याला प्रत्येक वेळी मागावं लागतं. आपण वॉर्डात एकट्या, तिकडे डिलिव्हरी चालू, डोस तासाभराने मिळतो, तोपर्यंत दुखणं डोक्यावर चढलेलं असतं, मग तो आधीपासूनच घड्याळ बघायला लागतो, चार वाजले सिस्टर, असं आठवण करून देतो, आणि आपण म्हणतो बघा कसा टाइम मोजतोय. अहो आपणच त्याला मोजायला लावलं ना! तेच औषध डॉक्टरांना सांगून ठरलेल्या तासांनी लावून घेतलं की हे मागणं बऱ्याचदा आपोआप कमी होतं, मी स्वतः बघितलंय.

त्याला औषधाचं नाव माहिती असणं हाही आपल्याला संशय वाटतो. पण शुगरचा पेशंट मला अमुक युनिट इन्शुलिन लागतं म्हणाला की आपण त्याला समजूतदार म्हणतो. सिकलसेलवाला डायक्लोने माझं थांबत नाही, ट्रामाडॉलने थांबतं (दोन्ही दुखण्यावरचीच औषधं) म्हणाला तर तो नशेडी कसा?

इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१२ मध्येच सांगितलंय की असा पेशंट आल्यापासून ३० मिनिटांच्या आत दुखण्याचं औषध गेलं पाहिजे आणि आराम पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने परत बघायचं. आपल्याकडे स्टाफ किती आणि औषधं किती ते मला माहितीय, तरी पहिला डोस लवकर देणं बऱ्याच वेळा आपल्या हातात असतं. औषध कुठलं ते डॉक्टर ठरवतील, फक्त पेथिडीन हे दुखण्यावरचं औषध शक्यतो टाळतात कारण ते शरीरात साठून झटके येऊ शकतात, आणि डायक्लो लावायच्या आधी किडनीचं बघून घ्या. डोसनंतर श्वास, झोपेची गुंगी आणि सॅच्युरेशन बघणं हे आपलंच काम, भीतीपोटी डोसच न देणं हा त्यावरचा उपाय नाही.

हे फक्त आपल्याच भागात होतं असं नाही हं. अमेरिकेत कार्लटन हेवूड नावाचे संशोधक होते, स्वतः सिकलसेलचे पेशंट, त्यांच्या टीमने २०१३ मध्ये मांडलं की इमर्जन्सीत सिकलसेलच्या लोकांना इतर पेशंटपेक्षा २५ टक्के जास्त वेळ ताटकळावं लागतं, आणि लांब हाड मोडलेल्यांच्या तुलनेत ५० टक्के. लंडनमध्ये २०१९ ला इव्हान नेथन स्मिथ हा सिकलसेलचा २१ वर्षांचा मुलगा हॉस्पिटलच्या बेडवर होता, ऑक्सिजन मागूनही मिळेना म्हणून त्याने तिथूनच ९९९ ला, म्हणजे त्यांच्या १०८ ला फोन लावला. तो गेला. बेडवरच्या पेशंटला बाहेरची अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावीशी वाटते, विचार करा.

डोळे पिवळे दिसले की “पितोस का रे?”

हा प्रश्न आपण कुणाला विचारतो ते एकदा बघा. वारली, कातकरी, कोकणा दिसला की पहिला हाच प्रश्न, तोही अरे-तुरेत, आणि शेजारच्या बेडवर शर्ट-पॅन्टमधले गृहस्थ असले की काका कसं वाटतंय. सिकलसेलमध्ये लाल पेशी १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच फुटतात, त्याने डोळे एरवीही पिवळसर असतात, दारूचा संबंध नसतो. चाळिशीच्या माणसाला ‘ए’ म्हटलं की तो पुढचं काही सांगतच नाही, आणि मग आपणच लिहितो, हिस्ट्री नीट देत नाही. दादा, ताई, मावशी म्हणा, माहिती आपोआप येते.

आणि उलट चूकही होते, आडनाव आदिवासी नाही म्हणून टेस्टच न करणं. महाराष्ट्रात इतर समाजातही हा आजार आहे.

एचबी ७.५ दिसलं की रक्ताची बाटली, नाहीतर लोहाच्या गोळ्या

सिकलसेलच्या बऱ्याच जणांचं एरवीचं एचबीच, म्हणजे हिमोग्लोबिनच, ७ ते ९ असतं. नुसत्या दुखण्यासाठी रक्त चढवत नाहीत, उगाच जास्त चढवलं तर रक्त घट्ट होऊन आणखी अडकतं. त्याचं नेहमीचं एचबी किती ते आधी विचारा, त्याला किंवा त्याच्या आईला बहुतेक वेळा पाठ असतं. लोहही फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, बघून, डॉक्टरांनी सांगितलं तरच. फॉलिक अ‍ॅसिड मात्र चालू हवं. आणि दुखऱ्या जागी बर्फ ठेवू नका! गारव्याने कळा वाढतात, आवणीत, म्हणजे भातलावणीत, दिवसभर गार पाण्यात उभं राहून आलेल्या बाईला पांघरूण द्या, शेक द्या, कोमट पाणी पाजा.

ताप “व्हायरल असेल” म्हणून घरी पाठवणं

लहान मुलांत हे जिवावर बेततं. यांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते त्यामुळे न्यूमोकोकससारख्या जंतूंचं इन्फेक्शन काही तासांत पसरतं. १०१ च्या वर ताप असेल तर डॉक्टरांनी बघितल्याशिवाय सोडू नका. ताप किंवा खोकला, त्यात छातीत दुखणं आणि सॅच्युरेशन घसरणं, हे दिसलं की रेफरची तयारी त्याच क्षणी सुरू करा, सकाळची वाट बघू नका. माझ्याकडून तेच झालं होतं.

खिडकीवरून ओरडून सांगणं

“सिकलसेलवाली कोण? पुढे या.” अख्ख्या ओपीडीला कळलं, संध्याकाळपर्यंत पाड्यावर, आणि ठरलेली सोयरीक मोडली. २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय मिशन सुरू झाल्यापासून शाळांत आणि पाड्यांवर भरपूर तपासणी होतेय, म्हणजे रिपोर्ट आपल्या हातात येणार ते वाढणारच, तेव्हा बाजूला घेऊन, हळू आवाजात. रिपोर्टमध्ये एएस असलेल्याला तू आजारी आहेस असं सांगू नका, तो वाहक आहे, आजार असतो तो एसएसवाल्याला. आईला दोष देऊ नका, एसएस व्हायला दोघांकडूनही जनुक यावं लागतं, आणि दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. सिकलसेलसाठीची हायड्रॉक्सियुरिया ही गोळी देताना “ही कॅन्सरची गोळी” असं कुणी बोललं की घरी जाऊन डबी फळीवरच राहते, त्यापेक्षा सांगा की याने कळा कमी येतात, अधूनमधून रक्त तपासावं लागेल आणि मूल हवं असेल तर दोघांपैकी कुणीही घेत असलं तरी आधी डॉक्टरांना विचारा.

त्या खलाशी मुलाच्या केस पेपरच्या कोपऱ्यात आता आम्ही लाल पेनने लिहून ठेवलंय, एरवीचं एचबी ८, ट्रामाडॉलने फरक पडतो, छाती बघा. यंदा आवणीनंतर तो आला तेव्हा नाईटला नवीन सिस्टर होती, तिने कोपरा वाचला, डॉक्टरांना फोन केला आणि विसाव्या मिनिटाला पहिला डोस गेला. मग खुर्ची ओढून तिने विचारलं, दादा, दहातले किती? तो म्हणाला नऊ, आणि तिने नऊच लिहिलं.