‘चालवा, बसून जाईल’

लोअर आर्म (पुढचं चाक खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड एंड (स्टेअरिंगचं वळण चाकाला देणाऱ्या रॉडचं टोक) बदलून गाडी हातात आली, त्याच संध्याकाळी काहीतरी बिनसलंय हे कळलं. नागपूरचं मनीषनगर ते बुटीबोरी, जाऊन-येऊन रोजचे पन्नासेक किलोमीटर. वर्धा रोडवर गाडी नाकासमोर चाललेली आणि स्टेअरिंग मात्र उजवीकडे मान कलती करून बसलेलं. गॅरेजला फोन केला. “काही नाही होत मॅडम, चालवा, बसून जाईल.” तीन आठवडे चालवली. बसलं काहीच नाही, पुढच्या डाव्या टायरची मात्र करवत झाली.

मी मेकॅनिक नाही, कंपनीत हिशेब बघते. ताळेबंद जुळला नाही की आधी चूक कोणत्या खात्यात आहे ते शोधायचं, ही सवय इथेही कामी आली.

सगळ्यात आधी तक्रार नीट ओळखा. ‘गाडी ओढते’ आणि ‘स्टेअरिंग वाकडं आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रविवारी पहाटे मिहानकडच्या एखाद्या रिकाम्या, सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जा आणि पकड फक्त सैल करा, हात काढू नका. स्टेअरिंग तिरपं असूनही गाडी सरळ जात असेल तर ते ओढणं नव्हे. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार असतो, त्यामुळे जरासं डावीकडे सरकणं चालतं. उजवीकडे ओढत असेल तर मात्र कारण शोधायलाच हवं.

ओढत असेल तर खर्चाच्या आधी फुकटच्या तपासण्या. हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी मोजा. आपल्या मे महिन्यात दुपारी गाडी चालवून पंपावर गेलात तर काटा चार-पाच पीएसआय जास्तच दाखवेल, त्यावर विसंबून हवा काढली की सकाळी टायर कमीच भरेल. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या, पंपावरच्या पोराच्या अंदाजाचा नको. मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा (बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर नको). ओढ बाजू बदलून आली तर दोष टायरचा. तरीही नाही सापडलं तर फारसे ब्रेक न लावता दहा किलोमीटर फिरून या आणि प्रत्येक रिमजवळ हात धरा, टेकवू नका. एकच चाक भाजत असेल तर तिथला ब्रेक कॅलिपर (चाकाला आवळणारी ब्रेकची पकड) सुटत नाहीये.

माझं दुखणं दुसरं होतं. टाय रॉड एंड बदलला की त्या रॉडची लांबी थोडी तरी बदलतेच, मेकॅनिकने जुने आटे कितीही मोजून लावलेले असोत. लांबी बदलली की टो बदलतो, म्हणजे दोन्ही पुढची चाकं वरून पाहिल्यावर एकमेकांकडे किंवा बाहेर किती वळलेली दिसतात ते. गाडी धावताना दोन्ही चाकं ती चूक आपसांत वाटून घेतात, म्हणून गाडी सरळ जाते, स्टेअरिंग तिरपं होतं आणि टायर रस्त्यावर किंचित आडवा घासत राहतो. हे डोळ्याला दिसत नाही, तळहाताला कळतं. टायरच्या नक्षीवरून हात बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने मांजराच्या केसांविरुद्ध हात फिरवल्यासारखं खरखरीत लागलं, तर टो बिघडलाय. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त, आणि जागोजागी खड्डे पडले असतील तर शॉकअपकडे बघा.

पण धावत अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घ्यायला, जाऊ नका. ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतं. आधी गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना अडण लावा, पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी हात धरून चाक हलवा, खुटखुट लागली तर टाय रॉड किंवा रॅक (स्टेअरिंगने सरकणारी, रॉड जोडलेली दातेरी पट्टी). मग बारा आणि सहा. इथे ढिलाई लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलाई गेली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट (आर्म चाकाला जोडणारा सांधा).

माझ्या गाडीत आणखी एक भानगड निघाली. स्पीडब्रेकरवर ‘कट्’ असा आवाज यायचा, आणि तो नवीनच लावलेल्या लोअर आर्मचा होता. आर्मच्या बुशचा (सांध्यातल्या रबरी नळीचा) बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडीचं वजन चाकांवर असताना. चाक हवेत लोंबकळत असताना कसला, तर गाडी खाली येताच बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माझं नुकतंच फाटायला लागलं होतं. म्हणून गॅरेजमध्ये एवढंच विचारा, “बोल्ट गाडी खाली घेऊन कसला ना?” समोरचा क्षणभर थांबला तर समजून जा.

अलाइनमेंट करताना मशीनवरचे आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही मागा, आणि स्टेअरिंग सरळ धरून अडकवल्यावरच दोन्ही बाजूंचे रॉड फिरवताहेत ना, हे उभं राहून बघा. एका ठिकाणी मला सांगितलं, “स्टेअरिंगच काढून सरळ लावून देतो, पाच मिनिटांचं काम.” हे म्हणजे ताप तसाच ठेवून थर्मामीटर झटकणं. वर आत एअरबॅग आणि हॉर्नच्या तारांची नाजूक गुंडाळी असते. ती चुकीची बसली तर तुटते, हॉर्न बंद पडतो आणि एअरबॅगचा दिवा लागतो. मी चावी परत घेतली.

काम झाल्यावर शंभरेक किलोमीटरने चाकांचे नट पुन्हा कसून घ्या, ते बहुतेकांच्या लक्षातून जातं.

माझा तो करवतलेला टायर आता मागे लावलाय, नक्षी बरीच शिल्लक आहे म्हणून. सिमेंट रोडवर तो गुणगुणतो आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बेअरिंग गेलं म्हणून मी हादरलेच होते. बेअरिंगचा आवाज गाडी वळणावर एका बाजूला झुकली की कमी-जास्त होतो. माझा आवाज तसा नाही, डांबरावर आलं की तो जवळजवळ थांबतो.