रिकामे फोल्डर काढताना आधी तपासू नका

जुनी मराठी कागदपत्रं स्कॅन करून बेळगाव, खानापूर, निपाणी असे तालुक्यांचे फोल्डर आणि त्यांच्या आत गावांचे फोल्डर केले, की फायली हलवताना रिकाम्या फोल्डरांचा पसारा उरतोच. तो आवरायला लिनक्सचा 'आरएमडिर' हा सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे) केलेली मागणी, वापरा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तोच 'ओएस डॉट आरएमडिर' म्हणून मिळतो.

फोल्डर रिकामा आहे का, हे आधी तपासत बसू नका. तपासणं आणि काढणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा कुणी त्यात फाईल ठेवू शकतो. सरळ कॉल करा. आत काही असेल तर कर्नल स्वतःच नकार देतो आणि 'ई-नॉट-एम्प्टी' (फोल्डर रिकामा नाही) ही एरर येते. तेवढीच सोडून पुढे चला. परवानगीची एरर मात्र गिळू नका, ती दिसलीच पाहिजे. माझ्या मते हीच सगळ्यात सुरक्षित वाट, कारण भरलेल्या फोल्डरला धक्का लागत नाही.

सुरुवात सगळ्यात आतल्या फोल्डरपासून करा, नाहीतर येळ्ळूरच्या रिकाम्या फोल्डरमुळे बेळगावचा अडून राहील. रिकामा दिसूनही हलेना, तर टिंबाने सुरू होणारी लपलेली फाईल शोधा. मॅकवर उघडलेल्या फोल्डरात 'डीएस स्टोअर' ही मॅकने आपोआप केलेली लपलेली फाईल बहुधा सापडतेच.