टेक्स्ट फाइल दुसऱ्या सिस्टिमवर नेताना: लाइन एंडिंगच्या या चुका टाळा

विंडोजवर जतन केलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळ संपल्याची खूण (लाइन एंडिंग) म्हणून सहसा दोन बाइट, म्हणजे संगणक साठवतो ते दोन आकडे, असतात: कॅरेज रिटर्न, म्हणजे १३, आणि लाइन फीड, म्हणजे १०. लिनक्सवर आणि आजच्या मॅकवर फक्त लाइन फीड असते. मॅक ओएस ९ पर्यंत नुसते कॅरेज रिटर्न वापरले जाई, पण तशी फाइल आता क्वचितच हाती येते.

फाइल उघडून ‘व्यवस्थित दिसते आहे’ असा निर्वाळा देणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. २०१८ पूर्वीच्या नोटपॅडमध्ये लिनक्सची फाइल एकाच लांबलचक ओळीत दिसत असे, त्यामुळे दोष निदान लपत तरी नसे. आता दोन्ही प्रकार सारखेच दिसतात आणि फरक फक्त खालच्या स्टेटस बारवर कळतो. विंडोजवरची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल लिनक्सवरच्या डेटाबेसमध्ये भरताना ओळ कशाने संपते हे सांगायचे राहिले, तर शेवटच्या रकान्यातील ४११०३० या पिनकोडला कॅरेज रिटर्न चिकटून राहते. पडद्यावर आकडे बरोबर दिसतात, परंतु त्या पिनकोडने शोधल्यास एकही नोंद सापडत नाही. शेल स्क्रिप्टची, म्हणजे लिनक्सच्या आज्ञा लिहिलेल्या फाइलची, गत याहून विचित्र होते, कारण पहिल्या ओळीतील बॅशच्या (त्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) नावाला तोच बाइट जोडला जातो आणि बॅश जागेवर असूनही ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत, न पाहता लाइन एंडिंगचे रूपांतर करणे मराठी मजकुराला विशेष बाधते. एक्सेलमधून ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून जतन केलेली फाइल यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये असते आणि तीत ‘ऊ’ हे अक्षर १० आणि ९ या दोन बाइटांनी साठवले जाते. केवळ बाइट पाहणारे साधन त्या १० ला ओळीचा शेवट समजून त्याच्याआधी १३ घुसवते, पुढच्या सगळ्या जोड्या एका बाइटने सरकतात आणि ‘ऊस’ या साध्या शब्दापासून पुढचा मजकूर वाचण्यापलीकडे जातो. फाइली पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीत लाइन एंडिंग आपोआप बदलणाऱ्या ॲस्की मोडमध्येही हेच घडू शकते, म्हणून अशी फाइल बाइट जसेच्या तसे ठेवणाऱ्या बायनरी मोडमध्येच पाठवावी. आधी यूटीएफ-८ करून घ्यावे आणि मगच लाइन एंडिंग बदलावे; यूटीएफ-८ मध्ये १० किंवा १३ हा बाइट दुसऱ्या कोणत्याही अक्षराचा भाग नसतो.

गिट (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन) वापरणाऱ्या चमूने ओळ कशाने संपवायची हा नियम प्रत्येकाच्या वैयक्तिक सेटिंगवर सोडू नये, तो रिपॉझिटरीतील, म्हणजे सामायिक फाइलसंग्रहातील, गिट-ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये लिहावा. अन्यथा एक स्वल्पविराम बदलला तरी प्रत्येक ओळीचे लाइन एंडिंग बदलून अख्खी फाइल बदललेली दिसू शकते.

विंडोजवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून लिहिलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर एकाआड एक रिकामी ओळ दिसत असेल, तर दोष एक्सेलचा नाही. पायथनचे सीएसव्ही मॉड्यूल स्वतःच दोन्ही बाइट लिहिते आणि फाइल उघडण्याचा टेक्स्ट मोड त्यात आणखी एका कॅरेज रिटर्नची भर घालतो. फाइल उघडतानाच न्यूलाइन या पॅरामीटरला रिकामी स्ट्रिंग दिली की त्या ओळी येत नाहीत.