पाणघोड्यासाठी जागा आखताना आधी काठ आखावा

प्राणिसंग्रहालयात पाणघोड्यासाठी जागा आखायची म्हटले की बहुतेक आराखडे तळ्याच्या निळ्या रेषेपासून सुरू होतात आणि माझ्या मते पहिली चूक तिथेच होते. पाणघोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास पाण्यात काढतो हे खरे. पण त्याचे पोट रात्री जमिनीवरच्या गवताने भरते, आणि ज्या पट्ट्यावरून तो रोज पाण्यात उतरतो व बाहेर येतो, तो पट्टा म्हणजे काठ. नाईल मगर काठावर ऊन खाते, दलदलीतले सिटाटुंगा हरीण काठच्या लव्हाळ्यात दडते. आफ्रिकेतल्या या अर्धजलचर प्राण्यांचे सारे जगणे काठाभोवती फिरते, म्हणून हे प्राणी शेजारीशेजारी ठेवायच्या आराखड्यातही आधी काठ यावा आणि त्यानंतर तळे.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या माणसाला काठ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तरीही आराखडा करणाऱ्याने एक दिवस दुपारी चारच्या सुमारास घटप्रभेच्या किंवा मार्कंडेय नदीच्या काठी जाऊन बसावे. पाण्यातून बाहेर पडणाऱ्या म्हशी समोरची उभी दरड सोडून, थोडा वळसा पडला तरी, ठरलेल्या उतारानेच वर येतात. तिथे दोरी आणि गवंड्याची पाण्याची नळी लावून चढ मोजून पाहावा. पाणघोडाही रोजच्या येण्याजाण्याने अशाच वाटा पाडतो, मात्र त्याचे वजन दीड-दोन टनांच्या घरात असते आणि पाय आखूड असतात. म्हणून सहा फूट आडव्या अंतराला एक फूट यापेक्षा जास्त चढ मी कधीही ठेवणार नाही. एकाच ठिकाणी अरुंद उतार ठेवण्यापेक्षा दोन बाजूंना दोन रुंद उतार असावेत, म्हणजे दांडगा नर वाट अडवून उभा राहिला तरी मादीला आणि पिल्लाला दुसरीकडून बाहेर पडता येते.

उताराचा पृष्ठभाग हा या कामाचा गाभा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावात जनावरांच्या हौदाला मी दिसायला नेटका म्हणून घोटीव फरशीचा उतार दिला होता. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरले आणि एक गाभण म्हैस घसरली. मागचे दोन्ही पाय फाकून ती जी बसली ती पुन्हा उठली नाही. त्या दिवसापासून पाण्यालगत मी घोटीव दगड वापरलेला नाही. दुसऱ्या टोकाला खरबरीत काँक्रीटही तितकेच वाईट, कारण पाणघोड्याचे तळवे पाण्यात राहून मऊ पडलेले असतात आणि खरबरीत जमिनीवर ते सोलवटतात. काँक्रीट ओले असताना मऊ केरसुणीने चढाला आडव्या रेघा ओढाव्यात, कडा गोल कराव्यात आणि उताराच्या वरच्या टोकाला वाळूमिश्रित मातीचा जाड थर द्यावा. पायऱ्या तर चुकूनही नकोत.

जागा निवडताना २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर डोळ्यांसमोर ठेवावा. कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांचे पाणी तेव्हा कुठवर चढले होते, हे नदीकाठच्या गावांतली माणसे आजही भिंतीवर हात ठेवून दाखवतात. बांधकामाची पातळी त्या खुणेच्या बरीच वर असली पाहिजे. यात सुरक्षिततेचा प्रश्न आहेच, शिवाय कृष्णेत आपल्या मगरी आहेत. परदेशी नाईल मगर पुरातून निसटून त्यांच्यात मिसळणे कोणत्याही परिस्थितीत परवडणारे नाही.

मातीचाही विचार तालुक्यागणिक बदलतो. खानापूरच्या बाजूला जांभा लागतो. तो खणायला सोपा, पण सच्छिद्र असल्याने पाणी धरत नाही, म्हणून तळाला आणि बाजूंना अस्तर नीट हवे. गोकाक-अथणीकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेला तळ दोन उन्हाळ्यांत तडकतो. तिथे काळी माती उकरून काढून मुरुमाची भर दाबून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता तळे. पाणघोडा माशासारखा पोहत नाही, तो तळावर पाय टेकत चालतो आणि दर काही मिनिटांनी नाक वर काढतो. त्यामुळे सगळीकडे सारखी खोली उपयोगाची नाही. एका बाजूला त्याला उभे राहून पाठ बुडवता येईल अशी दीड मीटरची खोली, मध्ये दोन मीटर किंवा थोडी अधिक आणि कडेला पिल्लासाठी उथळ, रुंद ओटा असावा, कारण नवजात पिल्लाला टेकायला जागा लागते आणि ते पाण्याखालीही दूध पिते. विणीच्या वेळी मादी कळपापासून बाजूला होते, म्हणून वेगळे छोटे तळे पहिल्याच आराखड्यात असावे. मागाहून त्याला जागा सापडत नाही. मोठ्या तळ्याची सफाई चालू असताना प्राण्यांना ठेवायलाही हेच तळे कामी येते.

वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तळ्यात ३ लाख लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे तीस टँकर. प्रौढ पाणघोडा एका रात्रीत सुमारे ४० किलो गवत खातो आणि त्याचा बराच भाग शेण होऊन याच पाण्यात पडतो. शिवाय शेपटी फिरवून तो ते चहूकडे उडवतो. दर आठवड्याला तळे रिकामे करून पुन्हा भरायचे म्हटले तर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी घागरी रांगेला लागणाऱ्या आपल्या भागात ते कोणालाच पटणार नाही, आणि पटूही नये. म्हणून पाणी गाळून पुन्हा वापरण्याची सोय पहिल्या अंदाजपत्रकातच धरावी. यात क्रम फार महत्त्वाचा आहे. शेणातले तंतू थेट वाळूच्या गाळणीत गेले तर ती लगेच तुंबते; आधी फिरती जाळी, मग गाळ बसण्याचा हौद, त्यानंतर वाळूची गाळणी आणि शेवटी जंतू मारणारा ओझोन वायू, अशी मांडणी करावी. क्लोरिनचा मारा डोळ्यांना आणि कातडीला त्रास देतो. तळाचा उतार एका खोलगट कुंडीकडे असावा आणि तिथला पाइप मोठ्या व्यासाचा असावा.

हौदात बसलेला गाळ फेकून देऊ नये. आवारातच हत्तीगवताचे वाफे करावेत आणि ते गाळाचे पाणी त्यांना सोडावे. हे गवत मुळात आफ्रिकेतलेच, म्हणजे पाणघोड्याच्या मुलखातलेच आहे, ही गोष्ट मला फार आवडते. उसाचे वाढे आपल्याकडे हंगामात मुबलक मिळतात म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवण्याचा मोह होईल, पण वाढ्यांतल्या ऑक्झलेटमुळे जनावरांना चुना कमी पडतो, हे आपले शेतकरी जाणतात. वाढे थोडेच द्यावेत. गवत आणि वाळली वैरण हाच मुख्य आहार ठेवावा.

पाणघोड्याच्या अंगातून तांबूस चिकट स्राव पाझरतो. ते रक्तही नव्हे आणि घामही नव्हे; उन्हापासून आणि जंतूंपासून रक्षण करणारे ते त्याचे लेपन आहे. तरीही पाण्याबाहेर त्याची कातडी लवकर सुकते आणि चिरते, म्हणून बाहेरच्या वाळूवर दुपारभर सावली पडेल अशी झाडे पश्चिमेकडून लावावीत. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट चांगलीच गार असते. रात्रीच्या निवाऱ्यात वारा अडलेला असावा आणि आत कोमट पाण्याचे लहान कुंड असावे. निवाऱ्याचे दरवाजे सरकते असावेत, ते चालवण्याची कळ बाहेर असावी आणि कर्मचारी व प्राणी कधीही एका कप्प्यात येऊ नयेत. पाणघोडा उडी मारत नाही, पण ताशी तीसेक किलोमीटर वेगाने धावतो, ढकलतो आणि चावतो. कुंपणाची ताकद या धडकेला पुरेल अशी काढावी.

नदीत मगर आणि पाणघोडा एकत्र दिसतात म्हणून त्यांना एकाच तळ्यात सोडू नये. पाहणाऱ्याला पाणी सलग दिसावे, पण मध्ये नजरेआड दडलेली पक्की भिंत असावी. सिटाटुंगाचे खूर लांब आणि फाकलेले असतात. त्याला चिखल, उंच पाणकणीस आणि लपायला जागा द्यावी. जलपर्णी मात्र कुठेही लावू नये.

अमेरिकेतल्या टोलेडो प्राणिसंग्रहालयाने १९८६ मध्ये पाण्याखालून पाणघोडा पाहण्याची काच बसवली, तेव्हापासून अशी काच सगळ्यांनाच हवी असते. दोन मीटर खोल पाण्याला लागून तीन मीटर रुंद काच बसवली तर तिच्यावर सतत सुमारे सहा टनांचा रेटा असतो आणि प्राण्याची धडक वेगळीच. हे गणित तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. पाहणारे अंधाऱ्या छताखाली आणि ऊन पाण्यावर, अशी दिशा धरली तर काचेत स्वतःचा चेहरा दिसत नाही. फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत असावेत, म्हणजे नातवाचा हात धरून आलेली आजी ते स्वतः वाचून दाखवू शकेल. आपण त्याला पाणघोडा म्हणतो, कन्नडमध्ये नीराने, म्हणजे पाण्यातला हत्ती, असेही म्हणतात. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक मात्र देवमासे आहेत, हे त्याच फलकावर यावे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, तेव्हा पहिल्या फावड्याआधी नकाशे त्यांच्याकडे गेले पाहिजेत.

बांधकाम संपल्यावर प्राणी आणण्याची घाई करू नये. मार्चमध्ये तळे भरावे, उताराच्या उथळ भागात पाण्याने भरलेली बादली ठेवून आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी सारखी करावी आणि पंधरा दिवसांनी दोन्ही मोजाव्यात. उन्हाने जेवढे पाणी आटते तेवढेच बादलीतलेही उतरते. तळ्यातले त्याहून जास्त उतरले असेल, तर तळ झिरपतो आहे. मग पाणी निम्मे सोडून उतारावर अनवाणी चालावे. पाय घसरला तर रेघा खोल कराव्यात, आणि टाच सोलवटली तर तेवढा भाग दगडाने घासून पुन्हा चालून पाहावे.